एका पोथीसमोर वीस गळे: लॅटिन गानपोथ्या कशा घडल्या

७ मे २०२५ रोजी नव्या पोपच्या निवडीसाठी कार्डिनल मंडळी व्हॅटिकनच्या सिस्टाइन चॅपेलमध्ये गेली. ते दृश्य टीव्हीवर जगभर दिसलं. दारं बंद होण्याआधी तिथे एक लॅटिन गीत झालं, ‘वेनी क्रेआतोर स्पिरितुस’. त्याचे शब्द नवव्या शतकातले मानले जातात. इतकं जुनं गाणं आजही म्हणता येतं, याचं कारण माणसांची स्मरणशक्ती आहे, आणि तितकीच एक जाडजूड, रंगीत, सोनेरी वस्तू आहे: गानपोथी.

या पोथ्यांच्या पानांचे फोटो अधूनमधून फोनवर फिरत असतात. एक भलंमोठं अक्षर, त्याच्या पोटात देवदूत किंवा राजा, समासात वेली, झळकणारं सोनं, आणि खाली लाल रेघांवर काळे चौकोनी ठिपके. बघणारा चित्राला दाद देतो आणि पुढे जातो. ठिपक्यांकडे कुणी बघत नाही. पण ती पानं आहेत त्या ठिपक्यांसाठी. भिंतीवर टांगायला ती कुणी केली नव्हती. अनेकांनी एकत्र गावं म्हणून केली होती. हे लक्षात ठेवलं की चित्रसुद्धा वेगळं दिसू लागतं.

गाणं होतं तरी किती?

मध्ययुगात पश्चिम युरोपातल्या मठांमध्ये प्रार्थना म्हणजे मुख्यतः गाणं. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठांसाठी नियम घालून दिला. त्यानुसार दिवसा सात वेळा आणि रात्री एकदा प्रार्थनेला जमायचं, आणि बायबलमधली दीडशेच्या दीडशे स्तोत्रं आठवड्याभरात पुरी करायची. त्यात मिस्सा, म्हणजे चर्चमधला मुख्य विधी, वेगळी. नाताळची गाणी निराळी, ईस्टरची निराळी, प्रत्येक मोठ्या संताच्या दिवसाची निराळी. वर्षाचा हिशोब हजारो गाण्यांवर जातो.

ही सगळी गाणी लॅटिनमध्ये, सर्वांनी एकाच सुरात म्हणायची. या गायनाला ‘ग्रेगोरियन’ म्हणतात. पोप पहिले ग्रेगरी (कारकीर्द ५९० ते ६०४) यांच्या कानाशी बसून पवित्र आत्म्यानं कबुतराच्या रूपात चाली सांगितल्या, अशी आख्यायिका आहे. अभ्यासकांचं मत निराळं आहे. पेपिन आणि शार्लमेन या फ्रँक राजांनी आठव्या शतकात रोमची गायकी आपल्या मुलखात आणवली, आणि तिथल्या गळ्यांवर बसताना तिचं जे रूप झालं तेच हे गायन.

पोथ्या मुख्यतः दोन प्रकारच्या. मिस्सेतली गाणी असतील तर ‘ग्रॅज्युअल’, दिवसरात्रीच्या प्रार्थनांमधली असतील तर ‘अँटिफोनरी’. पुढे दोन्हींना मी गानपोथीच म्हणणार आहे.

सूर कागदावर उतरतो कसा?

आधी शब्दच लिहिले जात. चाल गुरूच्या तोंडून शिकायची. नवव्या शतकात कुणीतरी शब्दांच्या डोक्यावर बारीक खुणा करायला लागलं: वर जाणारी रेघ, खाली वळणारा आकडा, दोन-तीन सुरांना जोडणारं वळण. या खुणांना ‘न्यूम’ म्हणतात. भजनात पुढे बसलेला बुवा हातानं हवेत चाल दाखवतो ना, तसा तो हात शाईत उतरला आहे असं समजा. स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलन मठाच्या ग्रंथालयात दहाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकातली अशी एक पोथी आजही आहे. तिच्यात खुणांच्या शेजारी चिमुकली अक्षरंही आहेत: ‘सी’ म्हणजे चटकन, ‘टी’ म्हणजे थांबा.

या खुणांवरून सूर वर गेला हे कळायचं, नेमका कितीनं गेला हे नाही. ज्याला चाल येते त्याला आठवण करून द्यायला खूण पुरे होती. ज्याला येत नाही त्याला ती मुकी.

इथे इटलीतल्या अरेझो गावचा ग्वीदो हा मठवासी येतो. सुमारे १०३० चा काळ. त्याची तक्रार होती की गायक शंभर वर्षं रोज गात राहिले तरी गुरूशिवाय एक छोटंसं गाणंसुद्धा स्वतःहून म्हणू शकणार नाहीत. त्यानं खुणा आडव्या रेघांवर बसवल्या. कुठली रेघ कुठल्या सुराची हे डोळ्याला लगेच कळावं म्हणून एक रेघ लाल केली, एक पिवळी. पोप एकोणिसावे जॉन यांनी त्याला बोलावून घेतलं आणि कधीही न ऐकलेली एक ओळ पोथीत बघून स्वतः गाऊन पाहिली. ‘दो रे मी’ ही सुरांची नावंही ग्वीदोचीच. एका जुन्या लॅटिन स्तोत्राची दर ओळ आधीच्यापेक्षा एक सूर वर सुरू होते. त्या ओळींची पहिली अक्षरं त्यानं उचलली. पहिलं अक्षर ‘उत्’ होतं, त्याचं पुढे ‘दो’ झालं.

रंगाचा पहिला उपयोग बघा. लाल-पिवळी रेघ शोभेसाठी नव्हती, ती वाटाड्या होती.

तेराव्या शतकापर्यंत खुणा चौकोनी झाल्या आणि चार रेघांवर स्थिरावल्या. यात काहीतरी गेलंही. सूर नेमका कळू लागला, पण सेंट गॅलनच्या खुणांमध्ये असलेलं ‘चटकन’ आणि ‘थांबा’ पुसट झालं. भातखंडे लिपीत कोमल स्वराखाली रेघ असते, मींड कुठे आहे तेही दाखवता येतं. पण ती मींड घ्यायची कशी हे गुरूसमोर बसूनच कळतं. लिहिण्यात हा तोटा असतोच, आणि तो युरोपातल्या गायकांनीही सोसला.

या रेघा पुढे चाराच्या पाच झाल्या आणि पोर्तुगीजांबरोबर गोव्यात पोचल्या. चर्चच्या शाळांमधून ‘मेस्त्रे’ मुलांना सॉल्फा (‘दो रे मी’ म्हणत सूर वाचणं) आणि व्हायोलिन शिकवत. त्याच परंपरेत वाढलेले माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस किंवा सेबॅस्टियन डिसोझा हिंदी सिनेमाच्या गाण्यांसाठी मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत नोटेशन मांडून ठेवत, तेव्हा तीसचाळीस वादकांना एका वेळी एकच गोष्ट कळायची. ग्वीदोला हेच हवं होतं.

आधी कातडं

पोथीचं काम खाटकाच्या दारात सुरू होई. वासरू, मेंढी किंवा बकरीचं कातडं धुऊन चुन्याच्या पाण्यात काही दिवस भिजत ठेवायचं, मग केस खरवडून काढायचे. चपला-पट्ट्यासाठी कातडं कमावतात. इथे ते कमावायचं नसे. ओलं असतानाच चौकटीवर ताणायचं, अर्धचंद्राकृती सुरीनं खरवडायचं, पुन्हा ताणायचं, पुन्हा खरवडायचं. ढोलाची दोरी ओढताना कातडं जसं टणत्कार देऊ लागतं, तसं ते ताणातच वाळलं पाहिजे. मग मिळतं पांढरट, टणक चर्मपत्र. केसांची बाजू किंचित पिवळी, मांसाची बाजू गोरी. चांगला पोथीकार समोरासमोरच्या दोन पानांना एकच बाजू येईल अशी घडी घालतो.

मोठ्या गानपोथ्यांची पानं पाऊण मीटरपर्यंत उंच असू शकतात. एवढ्या मापाला एका जनावराच्या कातड्यातून एकच दुपदरी घडी निघते, म्हणजे दोन पानं. दोनशे पानांची पोथी म्हणजे शंभर जनावरं. सोन्याचा विषय निघण्याआधीच खर्च इथवर येतो.

पानावर कडेला टोचणीनं भोकं पाडायची आणि त्यांच्या आधारानं रेघा मारायच्या. सुरांच्या चार समांतर रेघा वेगवेगळ्या मारत बसणं कटकटीचं, म्हणून अनेक ठिकाणी चार टोकांची एक लेखणी वापरत. एका ओढीत चारही रेघा.

आधी शब्द की आधी सूर?

बहुतेक वेळा शब्द आधी. आणि खरी कसोटी इथेच आहे. या गायनात एखादं अक्षर एका सुरावर संपतं, तर एखाद्यावर तीस-चाळीस सूर फिरतात. ‘आलेलुया’च्या शेवटच्या ‘या’वर तर लांबलचक तान असते. शब्द लिहिणाऱ्यानं त्या अक्षरानंतर किती जागा सोडायची? चाल माहीत असेल तरच ते कळेल. जागा कमी सोडली तर सूर एकमेकांवर चढतील. अशी दाटी झालेली पानं बघायला मिळतात, आणि ती पाहून मला लिहिणाऱ्याविषयी माया वाटते.

हंसाच्या पिसाची लेखणी एका हातात, छोटी सुरी दुसऱ्या हातात. सुरीनं पान दाबून धरायचं, लेखणी तासायची आणि चूक झाली तर खरवडायची.

दोन खुणा ओळखून ठेवा. पहिली म्हणजे ओळीच्या शेवटी काढलेला एक बारीक, अर्धा ठिपका. तो गायचा नसतो. पुढच्या ओळीचा पहिला सूर कुठे आहे एवढंच तो सांगतो, म्हणजे ओळ बदलताना गळा अडखळत नाही. त्याचं नाव ‘कुस्तोस’, म्हणजे राखणदार. दुसरी खूण म्हणजे ‘एउओउआए’ असा एक विचित्र शब्द. तो शब्दच नाही. ‘सेकुलोरुम आमेन’ या नेहमीच्या शेवटातले नुसते स्वर उचलले आहेत. शेवट सगळ्यांना पाठ, तेव्हा कुठल्या चालीनं संपवायचं तेवढं सांगितलं की झालं. भजनाच्या वहीत धृपदाच्या जागी ‘॥धृ॥’ लिहितो त्यातलीच ही बचत.

मायफळ, शेंदूर आणि समुद्रापलीकडचा निळा

शाईची कृती वाचली तेव्हा मी चकित झाले, कारण तिच्यातला मुख्य पदार्थ बाळगुटीच्या डबीत असतो: मायफळ. ते फळ नाहीच. ओकच्या झाडावर एक चिमुकली माशी अंडी घालते आणि झाड तिच्याभोवती गाठ बनवतं. ती गाठ कुटून भिजवायची, त्यात हिराकस आणि बाभळीच्या कुळातल्या झाडाचा डिंक घालायचा. ही शाई लिहिताना फिकी दिसते, हवेनं काळी होते आणि चर्मपत्रात मुरते. काही पोथ्यांमध्ये ती इतकी मुरली की पानालाच खाऊ लागली.

लाल रंगात हिंगूळ आणि शेंदूर. शेंदराचं लॅटिन नाव ‘मिनियुम’. शेंदरानं रंगवणं म्हणजे ‘मिनियारे’, आणि त्यावरून पोथीतल्या चित्राला ‘मिनिएचर’ म्हणू लागले. छोटेपणाशी त्याचा संबंध मागाहून जुळला. हिरवा म्हणजे तांब्यावर आंबट वाफ धरून मिळवलेला जंगाल. उत्तम निळा मात्र युरोपात कुठेच मिळत नसे. तो लाजवर्दाचा दगड, अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतला. तिथून उंटांवर, मग गलबतांवर. त्याचं नाव ‘उल्त्रामारिन’, म्हणजे समुद्रापलीकडचा. ज्यांना तो परवडत नसे ते तांब्याच्या खनिजाचा निळा वापरत.

सोन्याचा वर्ख बहुधा रंगाच्या आधी लागे. वर्ख जरा चिकटपणा दिसला की तिथेच बसतो, आणि नंतर त्याला घासायचंही असतं. रंग आधी भरले तर दोन्हींत नासतील. सोन्याच्या जागी खडूसारखी पांढरी माती, सरस आणि किंचित साखर किंवा मध यांचा उंचवटा द्यायचा. तो सुकला की त्यावर तोंडानं वाफ सोडायची. साखर तो ओलावा धरते आणि पातळ वर्ख तिथे चिकटतो. मिठाईवरचा चांदीचा वर्ख बोटाला कसा लागतो हे माहीत असेल, तर हे काम श्वास रोखून का करतात ते कळेल. मग अकीकाच्या दगडानं किंवा कुत्र्याच्या दातानं घासायचं, आरशासारखं होईपर्यंत. खालच्या उंचवट्यामुळे सोनं कडेनं किंचित गोल होतं आणि दिवा हलला की त्यावरचा प्रकाशही हलतो.

अक्षराच्या पोटात चित्र कशाला?

आता मूळ मुद्दा. अनेक गानपोथ्यांना पानांचे आकडे नसत, अनुक्रमणिका नसे. गाणी वर्षाच्या क्रमानं लागलेली असत. पन्नास गाण्यांच्या ढिगाऱ्यात आजचं कुठलं? ज्या अक्षरात गव्हाण आणि बाळ आहे तिथून नाताळ सुरू. ज्या ‘आर’मध्ये ख्रिस्त कबरीतून उठतो आहे तिथे ईस्टरचं ‘रेसुरेक्सी’, म्हणजे ‘मी उठलो’. सण जितका मोठा तितकं अक्षर मोठं. साध्या दिवसाला नुसता लाल किंवा निळा वर्ण, मधल्या सणाला लेखणीची नक्षी, थोर सणाला सोनं आणि चित्र. पान उलटता उलटता लांबूनही कळतं की कुठे आलो. काही सूचनाही लाल शाईत असत: इथे एकट्यानं, इथे सर्वांनी.

ग्रॅज्युअलचं पहिलं गाणं आगमनकाळातल्या, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांतल्या, पहिल्या रविवारचं, ‘आद ते लेवावी आनिमाम मेआम’, म्हणजे ‘मी माझा जीव तुझ्याकडे उचलून धरतो’. म्हणून पोथीचं पहिलं मोठं अक्षर ‘ए’. त्याच्या पोटात बहुधा बायबलमधला राजा दाविद गुडघे टेकून बसलेला असतो, आणि त्याच्या हातात, वर देवाकडे धरलेला, एक इवलासा उघडा बाळजीव. शब्द जे म्हणतात तेच अक्षर करून दाखवतं. ज्याला लॅटिन नीट येत नाही त्या नव्या मुलालाही आपण काय गातो आहोत ते कळतं.

संन्याशांना सोनं कशाला?

हा प्रश्न त्या काळीही पडला होता. सिस्टर्शियन पंथानं बाराव्या शतकात नियमच केला: अक्षरं एकाच रंगाची असावीत, चित्रांची नसावीत. पुढे तो सैल झाला. तो किती सैल झाला, हे जर्मनीत ओस्नाब्रुकजवळच्या रुल्ले इथे कळतं. तिथल्या सिस्टर्शियन मठात गिसेला फोन केर्सेनब्रोक नावाची एक नन होती. तिच्या ग्रॅज्युअलमधल्या नोंदीत म्हटलंय की ही पोथी तिनं लिहिली, रंगवली, तिच्यावर सूर मांडले, पानं लावली, सोनेरी अक्षरांनी आणि सुंदर चित्रांनी ती सजवली, साल १३००. सगळं काम खरंच एकट्या तिचं होतं का, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण चित्रात गाणाऱ्या नन दिसतात आणि त्यांच्यातल्या एकीपाशी ‘गिस्ले’ असं नाव आहे. ती गाते आहे, चित्र काढत बसलेली नाही. मला हे फार बोलकं वाटतं.

हे काम बायकांकडे क्वचित असे, असं अभ्यासक पुष्कळ काळ धरून चालले होते. २०१९ मध्ये जर्मनीतल्याच डालहाइमच्या मठाजवळ पुरलेल्या एका स्त्रीच्या दातांवरच्या किटणात लाजवर्दाचे कण सापडल्याचं संशोधन प्रसिद्ध झालं. ती साधारण अकराव्या-बाराव्या शतकातली. कुंचल्याचं टोक ओठांत धरून टोकदार करण्याची तिची सवय असावी, असा संशोधकांचा अंदाज.

सोन्याच्या बाजूनं त्या लोकांचं उत्तर साधं होतं: देवाला द्यायचं ते उत्तम द्यावं. ते पटो न पटो, पोथीतलं सोनं कपाटात पडून नव्हतं, रोज वापरात होतं.

पहाटेच्या अंधारात वाचत तरी कसे?

पुष्कळसं वाचत नसतच. स्तोत्रं मठात आल्याबरोबर पाठ करून घेत. सुरुवातीच्या पोथ्या तर लहान, एकट्या मुख्य गायकाच्या हातात मावतील अशा. सगळ्यांनी मिळून एका पोथीत बघायची पद्धत रुळत गेली तशा पोथ्या वाढल्या. उंच लाकडी घोडीवर पोथी उघडायची, गायक तिच्यासमोर अर्धवर्तुळात उभे. मागच्याला दिसावं म्हणून सूर बोटाएवढे. लाकडी पुठ्ठे, त्यावर कातडं, कोपऱ्यांना पितळेचे गोळे, म्हणजे ठेवताना-सरकवताना कातडं घासू नये. अशी पोथी उचलायला कधी दोन माणसं लागत.

छपाई आल्यावर हे सगळं बंद पडायला हवं होतं. सूर छापलेली पहिली ग्रॅज्युअल १४७३ च्या सुमाराची. तरी हातानं लिहिणं पुढे दोनशेहून अधिक वर्षं चाललं. एवढ्या प्रचंड मापाच्या पोथीच्या दोन-तीनच प्रती लागायच्या, त्यासाठी छापखाना मांडणं परवडत नव्हतं. शिवाय प्रत्येक ठिकाणचे संत आणि सण थोडे निराळे. स्पेनच्या दुसऱ्या फिलिप राजानं सोळाव्या शतकाच्या शेवटी एस्कोरियल या आपल्या मठ-राजवाड्यासाठी दोनशेहून अधिक गानपोथ्या हातानंच करवून घेतल्या.

मग ही पानं गेली कुठे?

पुष्कळ पोथ्या प्रार्थनेची पद्धत बदलल्यामुळे निरुपयोगी ठरल्या. स्वीडनमध्ये धर्मसुधारणेनंतर सरकारी कारकुनांनी त्यांची पानं फाडून वसुलीच्या हिशोबवह्यांना वेष्टनं घातली. चर्मपत्र मजबूत, फुकटात मिळालेलं. गंमत अशी की त्यामुळेच ती वाचली. स्टॉकहोमच्या राष्ट्रीय अभिलेखागारात लॅटिन पोथ्यांचे असे वीस हजारांहून अधिक तुकडे आहेत.

दुसरी तऱ्हा माझ्या मनाला जास्त लागते. नेपोलियनच्या काळात इटलीतले मठ बंद झाले, पोथ्या बाजारात आल्या. चित्रं कापून विकली गेली. १८२५ मध्ये लंडनला आबे चेलोत्ती यांच्या संग्रहातल्या अशा कापलेल्या चित्रांचा लिलाव झाला. काही चित्रं दोन-चार पोथ्यांतले तुकडे जोडून ‘तयार’ केलेली होती. जॉन रस्किन हे कलेचे मोठे समीक्षक, या पोथ्यांवर मनापासून प्रेम करणारे. त्यांनीच आपल्या संग्रहातल्या पोथ्यांची पानं कापली आणि डायरीत तसं लिहूनही ठेवलं.

‘चित्र वाचलं ना, मग बिघडलं काय?’ असं कुणी विचारेल. चित्र कापलं की त्याच्या पाठीमागचं गाणंही कापलं जातं, कारण पान दोन्ही बाजूंनी लिहिलेलं असतं. अक्षर गेलं की गाण्याचा पहिला सूर गेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या सोलेम मठातल्या अभ्यासकांनी एकाच गाण्याचे दोनशेहून अधिक हस्तलिखितांतले नमुने फोटोंसह शेजारी शेजारी छापले आणि जुन्या चालीचं रूप शोधलं. असं काम फक्त चित्रं असलेल्या कात्रणांवरून होत नाही.

सुटी पानं आजही विकली जातात, चौकटीत घालून, शोभेची वस्तू म्हणून. पान आधीच सुटं आहे, मी घेतलं तर काय फरक पडतो, असं वाटणं साहजिक आहे. पण सुट्या पानांना मिळून अख्ख्या पोथीपेक्षा जास्त पैसे येतात, तोवर पोथ्या सुट्या होत राहणार. स्वित्झर्लंडमधून चालणाऱ्या ‘फ्रॅगमेंटेरियम’सारख्या प्रकल्पात जगभरातल्या सुट्या पानांचे फोटो एकत्र येतात, आणि कुठलं पान कुठल्याशेजारी होतं ते जुळवून पाहता येतं.

अशा सुट्या पानाच्या फोटोत शेवटच्या ओळीच्या टोकाला कधी कधी तो बारीक राखणदार दिसतो. पुढच्या पानावरचा पहिला सूर तो अजूनही दाखवत असतो, आणि ते पान दुसऱ्याच कुठल्या गावात, दुसऱ्याच कुणाच्या भिंतीवर असतं.